शाळकरी खेळाडूंचा भाव : अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील भरती आणि क्रमवारीचा इतिहास

अमेरिकेतील विद्यापीठांचे बास्केटबॉल संघ आपण होऊन प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांतून उभे राहत नाहीत. प्रशिक्षक देशभर हिंडून शाळेच्या शेवटच्या वर्षांतील मुले हेरतात, त्यांचे सामने पुनःपुन्हा पाहतात, घरी जाऊन आईवडिलांशी बोलतात आणि शुल्क, निवास व भोजन यांचा खर्च भागवणारी शिष्यवृत्ती देऊ करून त्यांना आपल्या विद्यापीठात आणतात. या खेळाडूभरतीच्या जोडीने तेथे शाळकरी खेळाडूंची क्रमवारी लावण्याचा एक स्वतंत्र व्यवसाय वाढला, ज्यात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला देशातील पहिला, चाळिसावा किंवा दोनशेवा खेळाडू असे स्थान दिले जाते. हा व्यवसाय क्रीडाप्रेमाच्या अतिरेकातून जन्मला, असे वरवर पाहता वाटते. परंतु त्याचे मूळ महाविद्यालयीन खेळाच्या अर्थकारणात आहे. खेळाडूला पैसे देण्यास नियमांनी बंदी होती, त्याच्यासाठीची स्पर्धा मात्र खरी आणि तीव्र होती. जेथे किमतीचा उच्चार करता येत नाही तेथे तिचे काम दुसरे कोणते तरी माप करू लागते, आणि अमेरिकी बास्केटबॉलमध्ये ते काम सुमारे अर्धशतक क्रमवारीने केले.

जेम्स नायस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ रचला. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणारी संघटना १९०६ साली स्थापन झाली आणि १९१० पासून ती एनसीएए या आजच्या नावाने ओळखली जाऊ लागली. खेळाडू हा आधी विद्यार्थी असून तो हौसेखातर खेळतो, हे तिचे अधिकृत तत्त्व होते. व्यवहार मात्र प्रारंभापासूनच वेगळ्या वाटेने चालला होता. शिकागो विद्यापीठाचे फुटबॉल प्रशिक्षक एमोस अलोन्झो स्टॅग यांनी १९१७ साली राष्ट्रीय आंतरशालेय बास्केटबॉल स्पर्धा सुरू केली. देशाच्या कानाकोपऱ्यांतील शालेय विजेते संघ तीसाठी शिकागोत येत आणि त्यामुळे उत्तम मुले विद्यापीठाच्या अंगणातच पाहावयास मिळत. राज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांनी मुलांच्या अशा प्रदर्शनास विरोध केला आणि १९३० नंतर ही स्पर्धा बंद पडली. त्याच्या आदल्याच वर्षी, ऑक्टोबर १९२९ मध्ये, कार्नेगी प्रतिष्ठानाने महाविद्यालयीन खेळांविषयीचा विस्तृत अहवाल प्रसिद्ध करून खेळाडूंची भरती आणि त्यांना छुपी आर्थिक मदत या गोष्टी सर्वत्र रूढ असल्याचे दाखवून दिले होते. तरीही पुढील वीस वर्षे त्यावर परिणामकारक उपाय झाला नाही. एनसीएएने १९४८ साली केवळ आर्थिक गरजेच्या आधारे मदत देण्याची सक्ती करणारी संहिता आणली, परंतु ती पाळावयास कोणी तयार नसल्याने १९५१ मध्ये मागे घ्यावी लागली, आणि १९५६ पासून गरज असो वा नसो, क्रीडाकौशल्यासाठी पूर्ण शिष्यवृत्ती देणे नियमसंमत ठरले. याचा अर्थ असा की, सर्व विद्यापीठांची देऊ करण्याची रक्कम कागदोपत्री सारखीच झाली. चढाओढ करण्यासाठी उरली ती प्रतिष्ठा, प्रशिक्षकाचे वजन, ओळखीपाळखी आणि अंधारातली देवाणघेवाण.

त्या काळी चांगल्या मुलांची माहिती व्यक्तिगत ओळखींच्या जाळ्यातून फिरत असे. इंडियानातील शालेय प्रशिक्षक एव्हरेट केस १९४६ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात गेले तेव्हा इंडियानाची मुले त्यांच्यामागोमाग दक्षिणेत आली. याहून परिणामकारक जाळे न्यूयॉर्कचे होते. १९५१ साली सामन्यांतील गुणफरकाचा सौदा उघडकीस आला. म्हणजे सट्टेबाजांकडून पैसे घेऊन खेळाडू सामना हरत नसत, पण जिंकण्यातील अंतर ठरल्याप्रमाणे कमी ठेवत. आदल्याच वर्षी दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकणाऱ्या सिटी कॉलेजसह न्यूयॉर्कमधील अनेक संघ या प्रकरणाने उद्ध्वस्त झाले, आणि बास्केटबॉलची खाण असलेल्या त्या शहरातील मुले बाहेरच्या विद्यापीठांना एकाएकी खुली झाली. सेंट जॉन्स विद्यापीठ सोडून १९५२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेलेले फ्रँक मग्वायर यांनी या परिस्थितीचा पुरेपूर लाभ घेतला. हॅरी गॉटकिन नावाचे त्यांचे एक स्नेही न्यूयॉर्कमध्ये राहून मुले हेरीत आणि दक्षिणेकडे धाडीत. १९५७ साली या विद्यापीठाने एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा त्याचे पाचही आघाडीचे खेळाडू न्यूयॉर्क परिसरातून आलेले होते.

त्या अंतिम सामन्यात पराभूत झालेल्या कॅन्सस संघाचा आधारस्तंभ विल्ट चेंबरलेन हा होता, आणि त्याच्या भरतीची कथा या काळाचे एक टोक दाखवते. फिलाडेल्फियाच्या ओव्हरब्रूक शाळेतील सुमारे सात फूट उंचीच्या या मुलामागे दोनशेहून अधिक महाविद्यालये लागली होती. पुढे विद्यापीठाच्या पाठीराख्यांनी त्याला मोटारगाडी मिळवून दिल्याबद्दल कॅन्ससवर एनसीएएची कारवाईही झाली. दुसरे टोक त्याच दशकात बिल रसेल याच्या रूपाने दिसते. ओक्लंडच्या मक्लायमंड्स शाळेतील या मुलाला शिष्यवृत्ती देऊ करणारे विद्यापीठ सॅन फ्रान्सिस्को हे एकच होते, आणि त्याच विद्यापीठाला त्याने १९५५ व १९५६ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. एका मुलामागे दोनशे आणि त्याच्याच तोडीच्या दुसऱ्यामागे एक, ही तफावत गुणांची नव्हती, माहितीची होती. ती भरून काढणारा कोणीतरी मध्यस्थ निर्माण होणे ही आता केवळ वेळेची बाब होती.

वृत्तपत्रांनी या दिशेने आधीच एक पाऊल टाकले होते. ‘परेड’ या रविवारच्या पुरवणीने १९५७ पासून शालेय खेळाडूंचा अखिल अमेरिकी संघ जाहीर करण्यास प्रारंभ केला आणि ‘स्ट्रीट अँड स्मिथ’च्या वार्षिकातही उदयोन्मुख खेळाडूंच्या याद्या येऊ लागल्या. परंतु या याद्या म्हणजे बहुधा गौरव होते. त्यांच्यावर विसंबून शिष्यवृत्ती द्यावी इतका तपशील त्यांत नसे. तो तपशील पुरवण्याचे श्रेय प्रामुख्याने न्यूयॉर्कच्या हॉवर्ड गारफिंकल यांचे आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी ‘हायस्कूल बास्केटबॉल इलस्ट्रेटेड’ हे पत्रक सुरू केले. महाविद्यालयीन प्रशिक्षक वर्गणी भरून ते टपालाने मागवीत, आणि त्यात ईशान्येकडील शेकडो मुलांचे खेळ, उंची, स्वभाव व उणिवा यांविषयी थोडक्या शब्दांतली टिपणे आणि पाचच्या मापातील प्रतवारी असे. मोठ्या विद्यापीठाच्या योग्यतेचा मुलगा कोणता आणि लहान महाविद्यालयात चमकेल असा कोणता, हे त्यातून कळत असे. १९६६ मध्ये त्यांनी विल क्लाइन यांच्यासह ‘फाइव्ह स्टार’ हे उन्हाळी शिबिर उभारले. तेथे मुले दिवसभर एकेका कौशल्याच्या केंद्रावर फिरून शिकत आणि संध्याकाळी सामने खेळत, तर शिकवणाऱ्यांत पुढे नामांकित ठरलेले अनेक प्रशिक्षक असत. एकाच मैदानावर शेकडो मुले एकमेकांविरुद्ध पाहता आल्यामुळे तुलना प्रथमच विश्वासार्ह झाली, आणि तुलनेशिवाय क्रमवारी संभवत नाही.

गारफिंकल यांच्याकडून १९८४ साली हे पत्रक टॉम कोंचाल्स्की यांनी विकत घेतले, आणि त्यांच्या हाती या व्यवसायाने गाठलेली नैतिक उंची पुढे क्वचितच दिसली. संगणक, मोबाइल फोन आणि मोटारगाडी या तिन्हींवाचून जगणारे हे गृहस्थ बस व आगगाडीने शाळांच्या व्यायामशाळा गाठत, पिवळ्या कागदांवर नोंदी करीत, टंकयंत्रावर पत्रक तयार करून महाविद्यालयांना टपालाने पाठवीत. ते पत्रक केवळ प्रशिक्षकांसाठी असल्यामुळे मुलाला आपले स्थान कळत नसे, आणि ही गोष्ट दिसते त्यापेक्षा फार महत्त्वाची आहे. कोंचाल्स्की यांची प्रतवारी मुलाला त्याच्या कुवतीच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचवण्याचे साधन होती. ती त्याच्या छातीवर लावायची पाटी नव्हती. सर्वोच्च श्रेणीच्या मोजक्या मुलांपेक्षा मधल्या श्रेणीतील शेकडो मुलांना तिचा उपयोग अधिक झाला, कारण त्यांच्याकडे अन्यथा कोणाचे लक्षच गेले नसते.

या यंत्रणेचे बळ आणि तिची मर्यादा पुढे या खेळाचा महानायक ठरलेल्या मायकेल जॉर्डनच्या उदाहरणात एकत्र आढळते. नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टनचा हा मुलगा राज्याबाहेर जवळजवळ अज्ञात होता. १९८० च्या उन्हाळ्यात तो ‘फाइव्ह स्टार’ शिबिरात आला आणि तेथील सर्वोत्तम खेळाडू ठरला. परंतु तोवर ‘स्ट्रीट अँड स्मिथ’च्या त्या वर्षीच्या याद्या पक्क्या झाल्या होत्या आणि शेकडो नावांत त्याचे नाव नव्हते.

क्रमवारी ज्या मुलांकडे पाहतच नव्हती त्यांचाही इतिहास येथे नोंदवणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांच्या संघांचे दरवाजे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होते, आणि तेथील गुणी मुले कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांत जात. त्या महाविद्यालयांच्या प्रशिक्षकांची भरती शिक्षक, धर्मोपदेशक आणि माजी विद्यार्थी यांच्या शब्दावर चाले. विन्स्टन-सेलम स्टेटचे क्लेरन्स गेन्स यांनी फिलाडेल्फियाहून आणलेल्या अर्ल मन्रोने १९६७ साली त्या संस्थेला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. १९६६ च्या मार्चमध्ये राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यात आघाडीचे पाचही खेळाडू कृष्णवर्णीय उतरवून टेक्सस वेस्टर्नने केंटकीला ७२-६५ असे हरवले. त्याच वर्षी नॅशव्हिलच्या पर्ल शाळेचा पेरी वॉलेस हा व्हँडरबिल्ट विद्यापीठात दाखल झाला आणि दक्षिणेतील विद्यापीठांच्या साउथईस्टर्न गटातील बास्केटबॉलची वर्णभिंत पुढे त्यानेच ओलांडली. हा बदल न्याय्य आणि फार उशिरा आलेला होता, यात शंका नाही. मात्र त्याची किंमत कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयांनी मोजली, कारण त्यांनी जोपासलेल्या गुणांच्या उगमस्थानी आता अधिक श्रीमंत स्पर्धक येऊन उभे राहिले.

मुलींची भरती वेगळ्या वाटेने गेली. १९७१ साली स्थापन झालेल्या महिलांच्या क्रीडा संघटनेने पुरुषांच्या खेळातील गैरप्रकार टाळण्यासाठी आरंभी क्रीडा-शिष्यवृत्त्यांनाच मनाई केली होती; परंतु शिक्षणातील लिंगसमानतेच्या १९७२ च्या कायद्याच्या पार्श्वभूमीवर ती भूमिका टिकली नाही आणि १९८० च्या दशकात मुलींसाठीही शिबिरे, पत्रके व याद्या रूढ झाल्या.

१९७२ मध्येच आणखी एक नियम बदलला. तोवर प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळता येत नसे; ही बंदी उठताच शाळेतून आलेला मुलगा पहिल्याच हंगामात संघाचे नशीब पालटू शकेल अशी स्थिती आली आणि त्याच्याविषयीच्या भाकिताचे मोल कितीतरी वाढले. त्याच सुमारास बूट बनवणाऱ्या कंपन्या या क्षेत्रात उतरल्या. पिट्सबर्ग येथे १९६५ पासून शालेय खेळाडूंचा ‘डॅपर डॅन’ सामना भरवणारे सॉनी व्हॅकारो यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस नायकेसाठी महाविद्यालयीन प्रशिक्षकांशी करार केले, १९८४ मध्ये ‘एबीसीडी’ शिबिर सुरू केले आणि पुढे ते आदिदासकडे गेले. शाळेच्या संघाऐवजी कंपनीपुरस्कृत उन्हाळी संघ हा मुलाच्या मूल्यमापनाचा मुख्य मंच बनला, आणि शालेय प्रशिक्षकाचा शब्द मागे पडून उन्हाळी संघ चालवणाऱ्याचा शब्द पुढे आला. फ्लोरिडातील ट्रेसी मग्रेडी १९९६ च्या ‘एबीसीडी’ शिबिरात आला तेव्हा त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. काही दिवसांत तो याद्यांच्या शिखरावर पोहोचला आणि वर्षभरात महाविद्यालय वगळून थेट व्यावसायिक एनबीएमध्ये गेला. याच शिबिरात २००१ साली ब्रुकलिनचा लेनी कूक आणि ओहायोचा लेब्रॉन जेम्स समोरासमोर आले. तोवर कूक हा देशातील अग्रगण्य शाळकरी खेळाडू मानला जात होता. पुढच्या वर्षी एनबीएच्या निवडीत त्याला कोणत्याही संघाने घेतले नाही. क्रमवारीच्या आधारावर आयुष्याचे निर्णय घेणाऱ्या अल्पवयीन मुलांना तिच्या चुकांचा भार एकट्यानेच वाहावा लागला, हा या इतिहासातील सर्वांत क्लेशदायक भाग आहे.

इंटरनेट आल्यावर प्रशिक्षकांच्या टेबलावरची प्रतवारी सार्वजनिक झाली. १९९८ मध्ये ‘रायव्हल्स’ ही सेवा निघाली. ती २००७ साली याहूने सुमारे १० कोटी डॉलरला घेतल्याचे वृत्त होते. वर्गणीदार आता प्रशिक्षक नव्हते, तर विद्यापीठांचे चाहते होते, आणि त्यांना तपशिलापेक्षा तारे आणि क्रमांक हवे होते. २००६ पासून एनबीएने किमान १९ वर्षांची अट घातल्यामुळे सर्वोत्तम मुले एका वर्षासाठी विद्यापीठात येऊ लागली आणि त्यांची मागणी शिगेला पोहोचली. निदान मात्र अनिश्चितच राहिले : पुढे एनबीएचा महान नेमबाज ठरलेल्या स्टीफन करीला डेव्हिडसन या लहान महाविद्यालयात जावे लागले, तर शिकागोचा अँथनी डेव्हिस अल्पावधीत कित्येक इंच वाढला आणि २०१० मध्ये अनामिक खेळाडूचा देशातील अव्वल खेळाडू झाला.

दडवलेली किंमत अखेर न्यायालयांतून बाहेर आली. सप्टेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या संघराज्य अभियोक्त्यांनी सहायक प्रशिक्षक आणि आदिदासचे अधिकारी यांच्यासह दहा जणांवर आरोप ठेवले. नामांकित मुलांच्या कुटुंबांकडे पैसे वळवून त्यांना ठरावीक विद्यापीठांकडे नेण्याचा व्यवहार त्यात उघड झाला. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणविषयक लाभांवरील एनसीएएची बंधने एकमताने अवैध ठरवली, १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून कमाई करता येऊ लागली, आणि २०२५ पासून विद्यापीठांनी खेळाडूंना थेट मोबदला देण्यास, एका वर्षात एका विद्यापीठाने सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, न्यायालयीन तडजोडीने मान्यता मिळाली. मुलाला एका विद्यापीठाशी बांधून ठेवणारे, १९६४ पासून चालत आलेले राष्ट्रीय संमतीपत्रही ऑक्टोबर २०२४ मध्ये रद्द झाले.

किंमत उघडपणे बोलता येऊ लागल्यावर क्रमवारीचे स्थानही हलले. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नोंदवही ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाली, आणि पुढे बदलीनंतर एक वर्ष बाहेर बसण्याची अट शिथिल होत गेली. परिणामी प्रशिक्षकाला सतरा वर्षांच्या मुलाच्या भवितव्यावर पैज लावण्याऐवजी महाविद्यालयीन सामन्यांत स्वतःला सिद्ध केलेला बावीस वर्षांचा खेळाडू विकत घेण्याचा मार्ग मिळाला. याद्यांतील पहिल्या वीस-पंचवीस मुलांना अजूनही मोठी बोली लागते. परंतु ज्यांच्यासाठी कोंचाल्स्की २०२० पर्यंत पत्रक काढत राहिले, त्या मधल्या श्रेणीतील मुलांच्या जागा मर्यादित संघांत अनुभवी खेळाडूंकडे जाऊ लागल्या आहेत, आणि पूर्वी एखाद्या बऱ्या विद्यापीठात शिष्यवृत्ती मिळवू शकणारी मुले आता आधी लहान महाविद्यालयांत किंवा दोन वर्षांच्या कनिष्ठ महाविद्यालयांत खेळून पुढील बदलीची वाट पाहतात.