विक्रमानंतरचें आयुष्य

बेलफास्ट येथें १९६५ सालीं जन्मलेला नॉर्मन व्हाइटसाइड १९८२ च्या फुटबॉल विश्वचषक स्पर्धेंत उत्तर आयर्लंडतर्फे उतरला, तेव्हां त्याचें वय १७ वर्षें व ४१ दिवस होतें. पेलेचा अल्पवयाचा विक्रम त्यानें मोडला. १९८५ च्या एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत मँचेस्टर युनायटेडचे दहाच गडी उरले असतां एव्हर्टनवर झालेला एकमेव गोल त्याचाच. परंतु गुडघ्याच्या दुखण्यामुळें १९९१ सालीं, अवघ्या २६ व्या वर्षीं, त्यास खेळ सोडावा लागला. पुढें पुन्हा विद्यार्थी होऊन तो पादचिकित्सा शिकला व खेळाडूंच्या पायांवर उपचार करूं लागला. मुलांना विक्रम अवश्य सांगावे. परंतु विक्रमानंतरचें हें आयुष्यही इतिहासच आहे, हें आपण शिक्षकांनीं विसरूं नये.