पाटी, परवाना आणि परक्याचा संसार

आपल्याकडे लग्न जुळवायला कधी परवाना लागला नाही आणि मोडू पाहणारं लग्न सावरायलाही नाही. मामा, आत्या, गावातलं कुणी वडीलधारं माणूस दोघांना समोर बसवी. एकाला थोडं दटावायचं, दुसरीची समजूत घालायची (बहुधा तिचीच!) आणि 'भांड्याला भांडं लागायचंच' म्हणून विषय मिटवायचा. सल्ला चुकला तर जाब विचारायची सोय नव्हती. पण ही मंडळी निदान आपली होती, सणावाराला पुन्हा दारात येणारी. सल्ला देणारा परका आणि वर पैसे घेणारा असला की काय करायचं? हा प्रश्न अमेरिकेत आपल्याआधी उभा राहिला, आणि कायद्यानं त्याचं उत्तर पहिल्यांदा दिलं ते कॅलिफोर्निया राज्यानं.

या व्यवसायाची सुरुवात मोठी चमत्कारिक आहे. पॉल पोपेनो नावाचे गृहस्थ मूळचे खजुराचे जाणकार. इराक, अल्जीरियाकडून खजुराची रोपं आणून त्यांनी १९१३ साली त्यावर पुस्तकही लिहिलं. कॉलेजची पदवी पुरी झालेली नव्हती. १९२९ मध्ये मानद डॉक्टरेट मिळाली आणि पुढे ते 'डॉक्टर पोपेनो' म्हणून ओळखले गेले. १९३० साली त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये कौटुंबिक संबंधांवर सल्ला देणारी संस्था काढली. १९५३ पासून एका लोकप्रिय महिला मासिकात 'हे लग्न वाचवता येईल का?' अशा अर्थाचं सदर सुरू झालं, त्यामागे त्यांचंच नाव होतं. घराघरांत ते पोचले.

पण याच पोपेनोंची दुसरी बाजू वाचली की मन चरकतं. ते सुप्रजननवादी होते. 'चांगल्या' वंशाच्या लोकांना मुलं व्हावीत, म्हणून त्यांची लग्नं टिकावीत. आणि ज्यांना समाज 'कमी प्रतीचे' ठरवेल त्यांची नसबंदी करावी, असं त्यांचं मत. कॅलिफोर्नियात नसबंदीचा कायदा १९०९ पासूनच होता. त्याखाली सुमारे वीस हजार माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या, आणि पोपेनोंनी त्याचं पुस्तक लिहून समर्थन केलं. तो कायदा रद्द झाला १९७९ साली. पोपेनो वारले तेही त्याच वर्षी. २००३ मध्ये राज्याच्या गव्हर्नरांनी या प्रकाराबद्दल माफी मागितली.

सगळेच असे नव्हते, हेही सांगायला हवं. न्यूयॉर्कमध्ये स्टोन दांपत्य आणि फिलाडेल्फियात एमिली मड यांनी त्याच सुमारास विवाह समुपदेशनाचं काम सुरू केलं. १९४२ मध्ये या मंडळींची राष्ट्रीय संघटना झाली. संघटनेनं सभासदांसाठी निकष ठरवले. पण संघटनेबाहेरच्याला कोण अडवणार? रंगाऱ्याकडून पाटी रंगवून आणली की झालात तुम्ही विवाह समुपदेशक! शेवटी १९६३ साली कॅलिफोर्नियानं 'विवाह, कुटुंब व बाल समुपदेशक' यांच्यासाठी परवान्याचा कायदा केला. अमेरिकेतला हा पहिला. मग १९६६ मध्ये मिशिगन, १९६८ मध्ये न्यू जर्सी. शेवटची राज्यं या रांगेत आली ती २००९ साली. म्हणजे पन्नास राज्यं पुरी व्हायला शेहेचाळीस वर्षं लागली.

आज कॅलिफोर्नियात हा परवाना सहज मिळत नाही. आधी मास्टर्स पदवी. मग अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली तीन हजार तासांचं काम, तेही किमान १०४ आठवड्यांत. त्यात पाचशे तास जोडपी, कुटुंबं आणि मुलं यांच्याबरोबरचे हवेत. त्यानंतर कायदा व नीतिनियमांची एक आणि प्रत्यक्ष उपचारांची एक, अशा दोन परीक्षा. दर दोन वर्षांनी नूतनीकरण, त्यासाठी छत्तीस तासांचं नवं शिक्षण. आमच्या वेळी एकदा बी.एड. झालं की जन्माची ददात मिटायची! गंमत म्हणजे आजच्या नियमांनी खुद्द पोपेनोंना परीक्षेलाही बसता आलं नसतं. धर्मगुरूंना मात्र आपल्या धर्मकार्याचा भाग म्हणून सल्ला देताना परवाना लागत नाही. तिथले 'मामा-आत्या' कायद्यानं शाबूत ठेवले आहेत.

एवढा खटाटोप कशासाठी? परवान्यानं कुणी शहाणा होत नाही, हे मी आयुष्यभर शिक्षकांच्या खोलीत बसून पाहिलं आहे. पण परवाना दिलेला असला की तो काढूनही घेता येतो. तिथे राज्याचं मंडळ आहे. तक्रार करता येते, चौकशी होते, आणि कुणाचा परवाना चालू आहे, कुणावर कारवाई झाली, हे कुणालाही पाहता येतं. सल्ल्यासाठी आलेल्या व्यक्तीशी थेरपिस्टनं शरीरसंबंध ठेवणं हा तिथे गुन्हा आहे. रडत आलेली बाई किंवा खचलेला पुरुष बंद खोलीत परक्या माणसापुढे सगळं उघडं करतो, तेव्हा त्याच्या हातात काय असतं? दाराबाहेर कुणीतरी विचारणारं आहे, एवढाच भरवसा.

आपल्याकडे १९८४ च्या कायद्यानं कौटुंबिक न्यायालयं आली. पुण्यात आणि मुंबईत १९८९ पासून ती सुरू झाली, त्यांत समुपदेशकही असतात. २०२१ साली संसदेनं आरोग्याशी संलग्न व्यवसायांचा कायदा केला, त्यात समुपदेशनाशी निगडित काही कामं येतात. पण न्यायालयाबाहेर 'विवाह समुपदेशक' म्हणून पाटी लावण्यासाठी तसा वेगळा परवाना आपल्याकडे नाही. आणि आता मामा-आत्याही दूर गेले. कुणी पुण्यात, कुणी खुद्द कॅलिफोर्नियात! तरुण जोडपी परक्याकडे जाणार, आणि जावंच. घुसमटत राहण्यापेक्षा ते शतपटीनं बरं.

जाताना मात्र एक विचारावं. "तुमचं शिक्षण काय?" हे तर विचारावंच, पण त्याबरोबर, "तुमचं चुकलं तर मी कुणाकडे जायचं?" हा प्रश्न ऐकून जो रागावणार नाही, त्याच्यापुढे बसायला हरकत नाही.