तेरीज जुळली, पण अनामत?

३१ मार्चला वर्षाचा हिशेब बंद करायचा, ही सवय आपण भारतातून घेऊन आलो आणि न्यूझीलंडमध्येही तीच तारीख निघाली. कॉम्प्युटरवर ‘ट्रायल बॅलन्स’चे बटण दाबले की सर्व खात्यांच्या शिलकांची यादी समोर येते. आपल्यापैकी ज्यांनी मराठीतून कॉमर्स केले, त्यांना याचे जुने नाव आठवत असेल : तेरीज.

शब्द अरबी-फारसीतून आला आणि मराठी दप्तरात रुळला. पेशवाईत रोजचा व्यवहार रोजकीर्दीत मोडीत लिहिला जाई. लांबलचक हिशेबाचा गोषवारा म्हणजे तेरीज. नाना फडणीसांचे (१७४२-१८००) मूळ आडनाव भानू. फडणीस हा हुद्दा, ‘फर्दनवीस’वरून आलेला. दप्तराला त्यांनी लावलेली शिस्त दुसऱ्या बाजीरावाच्या काळात (१७९६-१८१८) ढिली पडली. पुण्याच्या पेशवे दप्तरात ते मोडी कागद आजही आहेत.

मात्र त्या तेरजेत आजची कसोटी नव्हती. दुहेरी नोंद इटलीतली. लुका पाचोलीने ती १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात मांडली. प्रत्येक रक्कम एकदा नावे, एकदा जमा; मग दोन्ही बेरजा सारख्या यायलाच हव्यात. या पडताळ्याला मराठी पाठ्यपुस्तकांनी जुनाच शब्द दिला. (देशी वहीत जमा डावीकडे, इंग्रजी वहीत उजवीकडे. आमच्यातल्या काहींची इथे अजूनही गफलत होते!)

हाताने लिहिताना तेरीज सहसा पहिल्या फटक्यात जुळत नसे. फरकाला ९ ने भाग गेला तर आकडे उलटे लिहिल्याचा संशय, म्हणजे ४५ चे ५४. फरकाच्या निम्मी रक्कम कुठे सापडली, तर ती चुकीच्या बाजूला पडलेली. काहीच सापडले नाही, तर फरक तात्पुरता उचंत खात्यात. या शोधात रात्र जाई, पण प्रत्येक नोंद डोळ्यांखालून जाई.

वेलिंग्टनमध्ये २००६ साली सुरू झालेले ‘झीरो’ घ्या, नाहीतर दुसरे कुठले. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर प्रोग्रॅम नोंदच घेत नाही. त्यामुळे तेरीज जुळलेलीच असते. तिथेच आम्ही फसलो. गणपतीसाठी घेतलेल्या हॉलची ३०० डॉलर अनामत आम्ही भाड्याच्या खात्यात लिहिली. खर्च वाढला, बँक कमी झाली, बेरजा तंतोतंत! अनामत परत मागायची कोणाला आठवणच राहिली नाही. वार्षिक सभेत एका काकूंनी विचारले, “यंदा भाडे एवढे कसे वाढले?” तेव्हा आम्ही त्या आकड्यावर क्लिक करून आतल्या नोंदी पाहिल्या. पैसे सभासदांच्या वर्गणीचे होते, आणि उत्तर देताना खजिनदारांचा चेहरा उतरला होता.

विसरलेली पावती, दोनदा चढवलेले बिल, चुकीचे खाते : यातले काहीच तेरीज सांगत नाही. म्हणून आता आम्ही गेल्या वर्षाची आणि यंदाची तेरीज शेजारी शेजारी छापतो आणि ज्या खात्यात मोठा फरक दिसेल त्याच्या पावत्या काढतो. खजिनदारांखेरीज आणखी एक जण सोबत बसतो. यंदा त्या काकूच बसणार आहेत.