चौकाचें मोल

वारली घरांतील लग्नाचा चौक हा मुळीं विकावयाचा पदार्थ नव्हता. कुडाच्या भिंतीला गेरूचा हात द्यावा, तांदळाच्या पिठांत बांबूची काडी बुडवावी, आणि सुवासिनींनीं पालघट देवीची आकृति रेखावी. लग्न पार पडलें कीं तिचें कार्य संपलें. १९७० नंतर ही रेघ कागदावर उतरली. डहाणू भागांतील जिव्या सोमा म्हसे यांचीं चित्रें परदेशीं गेलीं. २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु बाजाराच्या वाटेनें कला बहुतांशीं पुरुषांच्या हातीं आली, आणि जिनें ती राखली ती सुवासिनी मागें राहिली.

रास्त व्यापारांत कारागिरास कामाची आगाऊ रक्कम द्यावी असा दंडक आहे, तो योग्यच. पण गिऱ्हाइकाला हवे असतात एकसारखे नग, ठराविक मुदतींत. आणि पेरणीच्या दिवसांत चितारी शेतावर असतो. त्यांतच यंत्रावर छापलेली चादर स्वस्त मिळते. भौगोलिक मानांकनानें 'वारली' या नांवास संरक्षण लाभलें, तरी प्रत्येक दुकानावर कायदा पहारा करूं शकत नाहीं. तेव्हां चित्र घेतांना एवढें तरी विचारावें: हें कोणाच्या हातचें, आणि त्या हातीं किती पडलें?