गृहीतागमा

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ स्थापिले, तेव्हा ‘नवोपक्रम’ हा शब्द परवलीचा झाला नव्हता. जपानच्या महिला विद्यापीठाविषयीची पुस्तिका वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. अभ्यासक्रमात आरोग्यशास्त्र व गृहशास्त्र. पदवीचे नाव ‘गृहीतागमा’. विद्यापीठाला वैधानिक दर्जा मिळण्यास मात्र १९५१ साल उजाडले. तोवर ही पदवी घेणाऱ्या स्त्रियांनी सरकारी मान्यतेवाचून ज्ञानाचे मोल मानले. गृहिणीपदाची चौकट या अभ्यासक्रमाने मोडली नाही, हा आक्षेप रास्तच आहे. तथापि उच्चशिक्षण मराठीतून देता येते, हे त्याने सिद्ध केले. नवतेचे पाठ्यक्रम आखताना आपण मराठीच्या अध्यापकांनी तरी हे विसरू नये.