अंतिम मालिकेतले आसन

६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कच्या कमोडोर हॉटेलात जी मंडळी एकत्र जमली, त्यांपैकी बहुतेकांना बास्केटबॉलविषयी विशेष ममत्व होते असे म्हणवत नाही. ती होती पूर्व आणि मध्य अमेरिकेतील मोठमोठ्या बंदिस्त क्रीडागृहांची मालक किंवा चालक. हिवाळ्यात बर्फावरील हॉकीचे सामने भरवून त्यांचा व्यवसाय चाले, आणि ज्या रात्री हॉकी नसे त्या रात्री अंधारात पडून राहिलेले क्रीडागृह हे त्यांच्या जमाखर्चात निव्वळ खर्चाचे कलम होऊन बसे. या रिकाम्या तारखा भरून काढण्याची एक तजवीज म्हणून त्या दिवशी ‘बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका’ स्थापन झाली, तिचे अध्यक्षपद हॉकीच्याच एका लीगचे अध्यक्ष असलेल्या मॉरिस पोडोलॉफ यांच्याकडे सोपविण्यात आले, आणि तीन वर्षांनी प्रतिस्पर्धी लीगला पोटात घेऊन तीच संस्था ‘नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन’, म्हणजे आजची एन.बी.ए., या नावाने वावरू लागली. तिच्या अंतिम मालिकेच्या एका आसनासाठी आज हजारो डॉलर मोजले जातात. परंतु त्या तिकिटाचा पूर्वेतिहास पाहू लागले म्हणजे प्रथम ध्यानात येते ते हे की, या मालिकेचा खुद्द आपल्या तारखांवरही कित्येक वर्षे पुरता हक्क नव्हता.

नव्या लीगचा पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ रोजी कॅनडातील टोरांटो शहरी, मेपल लीफ गार्डन्समध्ये झाला. यजमान हस्कीज संघात जॉर्ज नॉस्ट्रँड हा सहा फूट आठ इंच उंचीचा खेळाडू होता. त्याचे छायाचित्र छापून व्यवस्थापकांनी वृत्तपत्रांतून जाहीर केले की, जो कोणी याच्याहून उंच असेल त्याला प्रवेश विनामूल्य. बाकीच्या सामान्य उंचीच्या जनांसाठी पाऊण डॉलरपासून अडीच डॉलरपर्यंत दर ठेवले होते. त्या हॉकीवेड्या शहरातून ७,०९० प्रेक्षक आले खरे, पण हंगाम संपताच संघाने गाशा गुंडाळला.

अशा परिस्थितीत विजेतेपदाच्या मालिकेची प्रतिष्ठा ती काय असणार! १९५१ साली न्यूयॉर्कचा निक्स संघ प्रथमच अंतिम मालिकेत पोहोचला, तेव्हा मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे त्याचे विस्तीर्ण माहेरघर वसंतातील नित्याच्या सर्कशीने व्यापलेले होते. हत्ती आणि विदूषक यांचा करार अगोदरचा आणि त्यांची मिळकतही खात्रीची. सबब सर्कस हलली नाही, मालिकाच हलली, आणि निक्सचे घरचे सामने एका पलटणीच्या कवायतीच्या इमारतीत, ६९व्या रेजिमेंटच्या आर्मरीत, उरकावे लागले. चार वर्षांनी फोर्ट वेन येथील पिस्टन्स संघावर तोच प्रसंग ओढवला. त्यांच्या क्रीडागृहात बोलिंग या खेळाची राष्ट्रीय स्पर्धा चालू होती, म्हणून त्यांचे घरचे तिन्ही सामने दूर इंडियानापोलिस येथे झाले. ते तिन्ही त्यांनी जिंकले, आणि तरीही मालिका प्रतिस्पर्धी सिराक्यूज संघाने चारास तीन अशी नेली. फोर्ट वेनच्या ज्या रहिवाशांनी हिवाळाभर तिकिटे काढून संघ जगविला होता, त्यांना अंतिम सामना पाहायचा तर परगावी जावे लागले. १९७५ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्सना बर्फावरील नृत्याच्या कार्यक्रमापायी ओकलंड सोडून डेली सिटीच्या काऊ पॅलेसमध्ये जावे लागले. व्यवस्थापकांनी तारखा राखून ठेवल्या नव्हत्या याचा अर्थ उघड आहे; आपला संघ इथवर येईल असे त्यांनाही वाटले नव्हते. १९७८ मध्ये सिअॅटलच्या कोलिझियममध्ये चाकांवरच्या घरांचे प्रदर्शन भरले होते, त्यामुळे मालिकेतील चौथा सामना किंगडोम या प्रचंड घुमटाखाली हलविण्यात आला. मात्र या खेपेस विस्थापनातूनच एक शोध लागला: त्या रात्री ३९,४५७ माणसे तिकीट काढून आत आली. जागा असेल तर माणसे येतात ही गोष्ट तीस वर्षे कोणी नीटशी आजमावून पाहिलीच नव्हती.

मधल्या काळात हा खेळ पाहण्यासारखाच नव्हता असे कोणी म्हणेल, तर ते खरे नाही. १९५७ ते १९६९ या तेरा वर्षांत बोस्टनच्या सेल्टिक्स संघाने अकरा वेळा विजेतेपद मिळविले. बिल रसेल हा थोर कृष्णवर्णीय खेळाडू त्यांच्याकडे होता. आणि तरीही बोस्टन गार्डनमध्ये सर्वसाधारण सामन्याच्या रात्री बाके रिकामी दिसत, तर त्याच इमारतीतील हॉकीला उभे राहण्यास जागा नसे. या उपेक्षेत वर्णद्वेषाचा वाटा किती आणि सवयीचा किती, याची वाटणी करणे कठीण आहे. पण वर्णद्वेषाचा वाटा होता हे रसेल यांनी स्वतः आयुष्यभर बजावून सांगितले. १९८० सालीदेखील, मॅजिक जॉन्सन या वीस वर्षांच्या नवख्याने अंतिम मालिकेतील ज्या सहाव्या सामन्यात लॉस एंजेलिसच्या लेकर्सना विजेतेपद मिळवून दिले, तो सामना अमेरिकेच्या बहुतेक भागांत दूरचित्रवाणीवर प्रत्यक्ष न दाखविता रात्री उशिरा ध्वनिचित्रफितीवरून दाखविला गेला.

पालट झाला तो प्रथम एका लहान शहरात. ओरेगन राज्यातील पोर्टलंडच्या ट्रेल ब्लेझर्सनी १९७७ चे विजेतेपद मिळविले, आणि त्याच वर्षीच्या वसंतापासून १९९५ पर्यंत त्यांच्या घरच्या ८१४ सलग सामन्यांची सर्व तिकिटे विकली गेली. क्रीडागृह अवघे १२,६६६ आसनांचे. तेव्हा तिकीट ही वस्तू खिडकीवर मिळेनाशी झाली आणि हंगामी तिकिटाला, म्हणजे वर्षभराच्या सर्व घरच्या सामन्यांसाठी एकच आसन राखून ठेवण्याच्या करारनाम्याला, निराळेच मोल आले. मराठी वाचकाला ही व्यवस्था समजावून देण्यास आपल्या जुन्या मुलखी कारभारातील मिरासदार आणि उपरी हे दोन वर्ग पुरेसे आहेत. मिरासदार दरसाल सारा भरी आणि तो भरीत असेतोवर त्याला जमिनीवरून कोणी उठवीत नसे. उपऱ्याचा कौल मात्र सालापुरताच. हंगामी तिकीटधारकाने फेब्रुवारीतील थंडीत, हरणाऱ्या संघाचे, नीरस आणि निष्फळ सामने पदरमोड करून पाहिलेले असतात. त्या साऱ्याच्या बदल्यात जूनमधील अंतिम मालिकेचे तिकीट प्रथम त्याच्या हाती पडते, तेही बाहेरच्या बाजाराहून पुष्कळ कमी दराने. अंतिम मालिकेचीच तेवढी हौस असणारा उपरी खिडकीशी येतो तेव्हा विकण्यास फारसे काही शिल्लक नसते. म्हणूनच अशी आसने वारसांना मिळावीत अशी धडपड होते, आणि घटस्फोटाच्या दाव्यात ती कोणाकडे राहावीत यावर वकील भांडतात.

या मिरासदाराला जे मिळे तेही विचित्र प्रकारचे दस्तऐवज असत. सात सामन्यांपैकी चार प्रथम जिंकणारा विजेता. त्यामुळे मालिका चार रात्रींत संपेल की सात रात्री चालेल हे कोणासही ठाऊक नसते, आणि कोणता संघ समोर उभा राहील हेही वसंत सरेपर्यंत ठरत नाही. तथापि तिकिटे तर आधी छापली पाहिजेत. म्हणून छिद्रे पाडलेल्या लांब पट्टीवर तारीख नाही, प्रतिपक्षाचे नाव नाही, केवळ फेरी आणि घरचा कितवा सामना एवढाच मजकूर असलेली तिकिटे आगाऊ रक्कम घेऊन पाठविण्याची वहिवाट पडली; सामना झालाच नाही तर पैसे परत, किंवा पुढील वर्षाच्या खात्यात जमा. पहिल्या फेरीतच बाद झालेल्या संघाच्या चाहत्यांच्या कपाटांत अंतिम मालिकेची अशी करकरीत तिकिटे पडून असत. न झालेल्या प्रसंगांचे इतके नीटनेटके दप्तर अन्यत्र सहसा आढळणार नाही.

जिथे एकाच्या हाती स्वस्तातले तिकीट आणि दुसऱ्याच्या हाती पैसा, तिथे मध्ये दलाल उभा राहणारच. न्यूयॉर्क राज्याने त्याला आवरण्यासाठी केलेला कायदा, छापील किमतीवर ५० सेंटपेक्षा अधिक घेण्यास मनाई करणारा, १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी घटनाबाह्य ठरविला. नाटकाचे तिकीट म्हणजे काही जीवनावश्यक वस्तू नव्हे, असा एकंदर रोख. पुढे न्यायालयांचा कल पालटला आणि १९६५ मध्ये त्याच राज्यातील दीड डॉलरची मर्यादा ग्राह्य धरण्यात आली. तरी क्रीडागृहाबाहेरच्या कोपऱ्यावर हलक्या आवाजात भाव सांगणारा माणूस या कायद्यांनी नाहीसा झाला नाही. त्याला मागे सारले ते व्यापाराने. १९७६ मध्ये अॅरिझोनात निघालेल्या टिकेटमास्टरने १९९१ मध्ये आपली जुनी प्रतिस्पर्धी टिकेट्रॉन गिळली. २००० साली स्टबहब निघाली आणि सात वर्षांत ईबेने ती ३१ कोटी डॉलरना विकत घेतली. आणि त्याच २००७ मध्ये न्यूयॉर्कने पुनर्विक्रीवरील मर्यादा काढून टाकली. कोपऱ्यावरच्या माणसाला जे केल्याबद्दल पोलीस हटकीत, ते संगणकाच्या पडद्यावर दलालीसह राजरोस होऊ लागले. हे सुधारणेचे लक्षण मानावे असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. पूर्वीच्या भामट्याशी निदान घासाघीस तरी करता येत असे.

मालकांनीही मग मिरासदारीची किंमत वसूल करण्याचे ठरविले. १९८८ मध्ये पिस्टन्स (ते आता डेट्रॉइटचे होते) अंतिम मालिकेचा पाचवा सामना पाँटिॲकच्या सिल्व्हरडोम या फुटबॉलच्या मैदानात ४१,७३२ लोकांपुढे खेळले, आणि त्याच वर्षी ते नव्या ‘पॅलेस’मध्ये राहावयास गेले, जिथे आसने पुष्कळ कमी परंतु खासगी दालने १८० होती. दूरच्या बाकावरील दहा हजार माणसांपेक्षा दालनातील एक कंपनी अधिक किफायतशीर, हा हिशेब त्यानंतर सर्वत्र रूढ झाला. वॉरियर्सनी २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चेस सेंटर उघडताना तर हंगामी आसनासाठी एकरकमी बिनव्याजी ठेव मागितली, ती तीस वर्षांनी परत देण्याच्या बोलीवर. ओकलंडच्या जुन्या चाहत्यांपैकी ज्यांना ती झेपली नाही, ते उपरी झाले.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला मुंबईत वरळीच्या घुमटाखाली सॅक्रॅमेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचा हंगामपूर्व सामना झाला. किंग्जचे मालक विवेक रणदिवे हे मूळचे मुंबईचेच. त्या रात्रीची आसने विक्रीस न काढता सुमारे तीन हजार शाळकरी मुलांना देण्यात आली होती. पैशाने जे आसन अमेरिकेत दुर्लभ झाले आहे, ते या मुलांना शाळेच्या गणवेशाच्या जोरावर मिळाले.

पुढच्याच वर्षी महामारीमुळे अंतिम मालिका फ्लोरिडात प्रेक्षकांवाचून खेळली गेली आणि एकही तिकीट विकले गेले नाही. त्यानंतर कागदी तिकीट जवळजवळ अस्तंगत झाले. आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरील चिन्ह दारात वाचले जाते, आणि न झालेल्या सातव्या सामन्याचे तिकीट कपाटात न उरता खात्यातून परस्पर पुसले जाते. इकडे मायकेल जॉर्डनच्या १९८४ मधील पदार्पणाच्या सामन्याचे न वापरलेले एक कागदी तिकीट २०२२ च्या लिलावात ४,६८,००० डॉलरना गेले. हे पाहून असेल कदाचित, आता हौशी प्रेक्षकांसाठी तिकिटाची छापील आठवण-प्रत निघू लागली आहे. तिने दरवाजा उघडत नाही, आणि तिचे पैसे निराळे पडतात.