टेंभलीचा मुका आकडा

देशातले पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी खानदेशात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी वाटले गेले. समारंभाला पंतप्रधान मनमोहन सिंग होते, सोनिया गांधी होत्या. पण त्या दिवशीची खरी नवलाई क्रमांकाच्या घडणीत होती. बारा अंक, आणि त्यांत ना राज्य, ना जिल्हा, ना जन्मसाल. ग्राहकांचा डेटाबेस मांडणाऱ्याने प्रायमरी की निवडताना हाच मुकेपणा उचलावा, असे माझे म्हणणे आहे.

या कीची कुळी संगणकाहून जुनी आहे. रोजकीर्दीत ‘खा. पा.’ हा रकाना असे. त्यात खतावणीतले पान लिहीत. एकाच गावात एकाच नावाचे दोन पाटील असले की नाव पुरत नाही, पान पुरते. मात्र नवी वही घातली की पान बदले. ही उणीव भरून काढायची तर कायमची खूण हवी. एडगर कॉड यांनी 1970 च्या निबंधात तक्त्यातली प्रत्येक ओळ वेगळी ओळखू देणाऱ्या खुणेला प्रायमरी की म्हटले. ती अर्थहीन असावी, हे शहाणपण लोकांना ठेचा खाऊनच आले. कारण कोडमध्ये गाव, तालुका कोंबण्याचा मोह मोठा. खानदेशचे 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांची जळगाव आणि धुळे ही नावे झाली, आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाले. नंदुरबारला एमएच-39 मिळाले, तरी आधी एमएच-18 वर नोंदलेली तिथली जीप पाटीवर धुळेच मिरवत राहिली. पाटी खोटी नव्हे, शिळी झाली.

कोणी म्हणेल, कोड वाचताच गिऱ्हाईक एरंडोलचे की चोपड्याचे हे कळते, ही सोय का सोडावी? गावाला स्वतंत्र रकाना द्या. गिऱ्हाईक अमळनेरला गेले तर तेवढाच बदलेल, जुनी बिले जागची हलणार नाहीत. मुका आकडा टाइप करताना चुकतो, हा आक्षेप अधिक वजनाचा. आधारचा शेवटचा अंक त्यासाठीच आहे: व्हरहूफ यांच्या रीतीने काढलेला हा पडताळा-अंक एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर चूक पकडतो.

मग आधारच की म्हणून का नको? तो दुसऱ्याने दिलेला, आणि 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार कायद्याच्या कलम 57 मधली, खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारी मुभा काढून घेतली. पुढे कायदा सुधारला, पण दुसऱ्याच्या नियमांवर आपली वही टांगायची कशाला? मोबाइल नंबरही नको. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला मिळतो. एक गोष्ट मात्र मुका आकडा करत नाही: तोच चौधरी दोनदा नोंदला तर दोन आकडे निमूट देतो. दुबार नोंद पकडण्याचे काम आधारने बोटांच्या ठशांवर आणि बुबुळांवर सोपवले. दुकानाला नाव, पत्ता, मोबाइल ताडून नोंद घेण्याआधीच ते करावे लागेल.